केमोथेरपी आणि तोंड येणे : एका दुर्लक्षित दुखण्याचा आढावा

कर्करोगावरील औषधांचे उपद्रव जेव्हा रुग्णाच्या आप्तेष्टांना समजावून सांगितले जातात, तेव्हा केस गळणे, ओकाऱ्या होणे आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटणे या तिहींचा उल्लेख ठळकपणे होतो. तोंड येण्याचा उल्लेख मात्र बहुधा जाता जाता, जणू ती उन्हाळ्यात कोणालाही होणारी किरकोळ बाब असावी अशा स्वरात, उरकला जातो. वस्तुतः साधारण मात्रेतील केमोथेरपी घेणाऱ्यांपैकी शेकडा २० ते ४० जणांना, आणि अस्थिमज्जा-प्रत्यारोपणापूर्वी मोठ्या मात्रेत औषधे घेणाऱ्यांपैकी शेकडा ८० पर्यंत रुग्णांना या ना त्या प्रमाणात हा त्रास होतो. आणि ज्यांना तो तीव्र होतो त्यांचे खाणे, पिणे, बोलणे, झोपणे, फार काय, आपली लाळ गिळणेही दुरापास्त होऊन बसते. या दुखण्याविषयी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे ज्ञान जमले आहे ते पाहता मला असे निश्चित वाटते की, त्याचा बराचसा भाग टाळण्याजोगा अथवा निदान सुसह्य करण्याजोगा आहे. परंतु त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत. कोणते औषध चालू आहे हे पाहूनच इलाज ठरविला पाहिजे, आणि तोंडाची विचारपूस तोंड येण्यापूर्वीच सुरू झाली पाहिजे.

हा उपद्रव केमोथेरपीच्या जन्मापासून तिच्या सोबत आहे. १९४७ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी तीव्र रक्तकर्करोग झालेल्या मुलांना अ‍ॅमिनोप्टेरिन हे फॉलिक आम्लाला विरोध करणारे द्रव्य देण्यास प्रारंभ केला, तेव्हा काही मुलांच्या रक्तातील दोष तात्पुरता का होईना हटलेला वैद्यकाने प्रथम पाहिला. आणि त्याच मुलांच्या तोंडात व्रण उठलेलेही पाहिले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या मुखदाहाची नोंद आहे. ज्या प्रयोगशाळेतून हे द्रव्य आले तिथल्या संशोधनाची धुरा आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव वाहत होते, हे भारतीय वाचकाने अवश्य ध्यानात ठेवावे. अ‍ॅमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे, आणि तोंडाला उपद्रव देणाऱ्या औषधांत त्याचे स्थान अद्याप वरचे आहे. त्याच्याच पंक्तीत १९५७ साली पुढे आलेले ५-फ्ल्युरोयुरॅसिल, तसेच डॉक्सोरुबिसिन, सायटॅराबिन, मेल्फलान आणि डोसेटॅक्सेल ही औषधे बसतात.

असे का होते, याचे जुने उत्तर सरळ होते. कर्करोगाच्या पेशी त्वरेने विभागतात म्हणून औषध त्यांना मारते; तोंडाच्या अस्तराच्या पेशीही एक-दोन आठवड्यांत आपला थर नवा करीत असल्यामुळे त्याही त्याच तडाख्यात सापडतात. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. बोस्टन येथील दंतवैद्य स्टीफन सोनिस यांनी १९९८ पासून मांडलेल्या आणि २००४ मध्ये अधिक पूर्ण केलेल्या उपपत्तीनुसार या विकृतीचा आरंभ पृष्ठभागावर न होता अस्तराच्या तळाशी असलेल्या पेशींत आणि त्यांच्याही खालच्या ऊतींत होतो. औषध शरीरात गेल्याबरोबर तेथे दाहाची साखळी सुरू होते, एक संकेत दुसऱ्याला बळ देतो, आणि वरून तोंड निरोगी दिसत असतानाच आत हानी पसरत जाते. मग अस्तर फाटते, व्रण पडतो, तोंडातील जंतू त्यावर ठाण मांडतात आणि दाह आणखी वाढवितात. शेवटी नव्या पेशी कडांकडून सरकत येऊन जखम भरून काढतात. या उपपत्तीचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. व्रण डोळ्यांना दिसेपर्यंत प्रतिबंधाची वेळ टळून गेलेली असते.

या घटनाक्रमाचे दिनमानही बरेचसे ठरलेले आहे. सलाइनमधून औषध दिल्यानंतर साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी तोंडात चरचर आणि लाली येते, आठवडाभराने व्रण दिसू लागतात, दुसऱ्या आठवड्यात त्रास कळसाला पोहोचतो, आणि अन्य विघ्न न आल्यास तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तोंड पूर्ववत होते. गालांची आतली बाजू, ओठांची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि तळ, मऊ टाळू या कोमल जागी हे व्रण उमटतात. ते कडक टाळूवर किंवा हिरड्यांवर दिसू लागले तर ते केवळ औषधाचे नसून नागिणीच्या जातीच्या विषाणूचे असण्याचा संशय घ्यावा लागतो, आणि त्याचा इलाज निराळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने तीव्रतेच्या ज्या पायऱ्या ठरविल्या आहेत त्या रुग्णाच्या ताटाशी निगडित असल्यामुळे घरातल्या कोणालाही समजण्याजोग्या आहेत : पहिल्या पायरीवर नुसती लाली आणि दुखणे, दुसरीवर व्रण असूनही घन अन्न खाता येते, तिसरीवर केवळ पातळ पदार्थ जातात, आणि चौथीवर तोंडावाटे काहीच घेता येत नाही. डॉक्टरांना दूरध्वनी करताना ‘फार दुखते’ असे सांगण्याऐवजी ‘कालपासून भात जात नाही, फक्त पेज जाते’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला स्थितीचा अचूक अंदाज येतो.

इलाजांपैकी सर्वांत स्वस्त आणि पुराव्याने सर्वांत भक्कम असा जो आहे, तो म्हणजे बर्फ. ५-फ्ल्युरोयुरॅसिल शिरेत एकदम टोचून देण्यापूर्वी पाच मिनिटे बर्फाचे तुकडे तोंडात घोळविण्यास सुरुवात करावी आणि एकूण अर्धा तास ते तोंडात राहू द्यावेत, एवढीच ही कृती. १९९१ साली अमेरिकेतील एका पाहणीने तिच्यामुळे त्रास सुमारे निम्म्याने घटत असल्याचे दाखविले, आणि पुढे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाच्या मार्गदर्शक नियमांतही तिला शिफारशीचे स्थान मिळाले. कारण उघड आहे. हे औषध रक्तात अल्पकाळ टिकते, काही मिनिटांतच त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. तेवढ्या अवधीत थंडीमुळे तोंडातील रक्तवाहिन्या आकुंचित राहिल्या तर अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचते. बहुविध मज्जार्बुदाच्या रुग्णांना प्रत्यारोपणापूर्वी मोठ्या मात्रेत दिले जाणारे मेल्फलानही लवकर निघून जाते, म्हणून तेथेही बर्फ उपयोगी पडतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी आपल्या देशात अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाचा पाया घातला. प्रत्यारोपणाची ही वाट ज्यांना चालावी लागते त्यांच्यासाठी या साध्या उपायाचे मोल विशेष आहे.

परंतु हाच उपाय सरसकट सर्वांना सांगणे चुकीचे, प्रसंगी घातक ठरते, आणि या ठिकाणी थोडे अधिक थांबणे मला अवश्य वाटते. तेच ५-फ्ल्युरोयुरॅसिल जेव्हा लहान पंपाच्या साह्याने सलग ४६ तास दिले जाते, तेव्हा अर्ध्या तासाच्या बर्फाने काय साधणार? शिवाय मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी प्रचलित असलेल्या उपचारक्रमात त्याच्या जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन असते, आणि या औषधाने मज्जातंतू थंडीला इतके हळवे होतात की, गार पाण्याचा एक घोट घेतला तरी घसा आवळल्यासारखा होऊन श्वास कोंडल्याचा भास होतो. अशा रुग्णाच्या हाती बर्फाचा पेला देणे म्हणजे त्याला नाहक यातनेत लोटणे होय. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला जे मानवले तेच आपल्याला मानवेल, ही समजूत इस्पितळाच्या वॉर्डात फार लवकर पसरते. म्हणून आपल्या कागदावर कोणती औषधे लिहिली आहेत आणि ती कशा रीतीने दिली जाणार आहेत, हे रुग्णाच्या घरच्यांनी विचारून लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

औषध आणि उतारा यांचे हे नाते आणखी एका ठिकाणी फार जपावे लागते. आपल्याकडे तोंड आले की पहिला इलाज ठरलेला असतो : उष्णता झाली म्हणायचे आणि औषधांच्या दुकानातून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणायच्या. एरवीच्या तोंड येण्यात त्यांनी अपाय होत नाही; परंतु या गोळ्यांत पुष्कळदा फॉलिक आम्ल असते, आणि ५-फ्ल्युरोयुरॅसिल किंवा पोटात घेण्याच्या गोळीच्या रूपातील त्याचे भावंड कॅपेसिटाबिन चालू असताना फॉलिक आम्ल त्या औषधाची विषाक्तता वाढविते, म्हणजे ज्या व्रणांसाठी गोळी घेतली तेच व्रण तिच्यामुळे बळावतात. उलट मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेनंतर फॉलिनिक आम्ल हा तर जीव वाचविणारा उतारा आहे आणि तो घड्याळ लावून, ठरल्या वेळी द्यावा लागतो. एकाच कुळातील द्रव्य एका ठिकाणी शत्रू आणि दुसऱ्या ठिकाणी मित्र ठरते, सबब डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही गोळी घेऊ नये. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर आणखी एक धोका आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात, जेथे शस्त्रक्रिया शक्य नसते तेथे, अल्प मात्रेतील मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा देण्याची पद्धत आपल्या देशात रुळली आहे. संधिवातातही हेच औषध याच रीतीने दिले जाते. आठवड्याची ही गोळी नजरचुकीने रोज घेतली गेल्याचे प्रकार जगभर घडलेले आहेत, आणि तोंडभर उठलेले व्रण हे पुष्कळदा त्या चुकीचे पहिले दृश्य लक्षण असते. अशा वेळी तोंडाला मलम लावीत न बसता गोळ्यांचे पाकीट घेऊन तत्काळ इस्पितळ गाठावे.

काही व्यक्तींच्या शरीरात ५-फ्ल्युरोयुरॅसिलचा निचरा करणारे वितंचक जन्मतःच उणे असते. त्यांना पहिल्याच फेरीत अतितीव्र व्रण, जुलाब आणि रक्तपेशींची घट असा एकत्रित आघात होतो. रक्ताच्या जनुकीय चाचणीने हे आधी कळू शकते, आणि युरोपच्या औषध-नियामक संस्थेने २०२० साली अशा चाचणीची शिफारस केली. आपल्याकडेही ती करून घेता येईल काय, हे उपचारापूर्वी विचारणे गैर नाही. स्तनाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या एव्हरोलिमस या गोळीने येणारे व्रण पुन्हा निराळ्या जातीचे, लहान आणि खोल असतात. तेथे डेक्सामेथासोनच्या द्रवाने दिवसातून चार वेळा चूळ भरल्यास मध्यम व तीव्र त्रास कितीतरी घटतो, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले आहे.

लाल प्रकाशाच्या सौम्य लेसरने अस्तर लवकर भरते, ही कल्पना १९६०च्या दशकात बुडापेस्टचे एंड्रे मेस्टर यांच्या उंदरांवरील प्रयोगांपर्यंत मागे जाते. प्रत्यारोपणाच्या रुग्णांत प्रतिबंधासाठी तिची शिफारस आज अधिकृतपणे होते, मात्र त्यासाठी यंत्र, प्रशिक्षित हात आणि रुग्णाची रोजची हजेरी लागते. पॅलिफर्मिन हे पेशींची वाढ करविणारे इंजेक्शन २००४ साली अमेरिकेत मान्यता पावले. परंतु रक्ताच्या कर्करोगातील प्रत्यारोपणापुरतीच त्याची व्याप्ती आणि खर्च भारी, म्हणून सामान्य रुग्णाला त्याचा उपयोग क्वचितच होतो.

आता नित्याच्या शुश्रूषेकडे वळावे. केमो सुरू होण्यापूर्वी, शक्य तर दोन-तीन आठवडे आधी, दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे. किडलेला दात काढावयाचा असेल तर तो त्या मुदतीत काढावा, म्हणजे जखम भरण्यास अवधी मिळतो. तुटक्या दाताची धार गुळगुळीत करून घ्यावी आणि सैल कवळी नीट बसवून घ्यावी. महाराष्ट्रात या तपासणीची निकड अधिक आहे, कारण येथे कित्येक रुग्णांचे तोंड उपचारापूर्वीच पोळलेले असते. गावोगावच्या स्त्रिया मिश्री लावतात, पुरुष तंबाखू-चुना दाढेत धरतात, आणि सुपारी व गुटख्यामुळे गालांत पट्टे येऊन तोंड दोन बोटेही न उघडण्याची विकृती तरुणांतही आढळते. २०१२ साली राज्य सरकारने गुटख्यावर बंदीचा हुकूम काढला खरा, पण ज्यांच्या तोंडात ती हानी होऊन गेली आहे त्यांना कोणत्याही केमोचा दाह दुपटीने जाणवणार, हे गृहीत धरून तयारी केली पाहिजे. मिश्री आणि तंबाखू या काळात पूर्ण बंद असाव्यात, आणि राखुंडी, कोळशाची पूड किंवा खरखरीत मीठ यांनी दात घासण्याची सवयही सोडावी. अगदी मऊ, लहान मुलांसाठी मिळतो तसला ब्रश पुरतो. तोही सोसेना तर ओल्या मऊ कापडाने दात पुसावेत, पण तोंड अस्वच्छ ठेवू नये.

चुळा भरण्यासाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवावा, आणि जेवणानंतर, झोपताना व मधून मधून, दिवसातून निदान चार-सहा वेळा त्या पाण्याने हलकेच चूळ भरावी. हा उपाय इतका साधा आहे की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि महागड्या बाटलीतल्या मिश्रणाकडे मन ओढ घेते. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत मीठ-सोड्याचे पाणी, क्लोरहेक्सिडिन आणि बधिरता आणणाऱ्या औषधांचे बहुचर्चित मिश्रण या तिघांच्या गुणात फरक आढळला नाही. मद्यार्कयुक्त माउथवॉश तर या दिवसांत वर्ज्यच समजावेत; ते आग करतात आणि तोंड कोरडे पाडतात. ओठांना साजूक तूप अथवा पेट्रोलियम जेली लावावी.

वेदनेच्या बाबतीत मात्र साधेपणाचा आग्रह धरू नये. जेवणापूर्वी बधिर करणारी जेली लावल्यास दोन घास जातात, परंतु बधिर तोंडाने गाल चावला जाण्याची आणि ठसका लागण्याची भीती असते, म्हणून हळू खावे. अ‍ॅस्पिरिन आणि त्या वर्गातील वेदनाशामके रक्तातील बिंबाणू घटलेले असताना रक्तस्राव घडवू शकतात, आणि पॅरासिटामॉल ताप झाकते. तेव्हा ते घेण्यापूर्वी दर वेळी ताप मोजावा. तीव्र व्रणांत मॉर्फिन लागते, आणि लागते तेव्हा ते दिलेच पाहिजे. मॉर्फिनचे नाव काढताच कुटुंब बिचकते, कोणी व्यसनाची भीती घालतो, कोणी हा अखेरचा इशारा समजतो. वास्तविक तोंड भरून आले की ते क्रमाने कमी करून थांबविता येते. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे पुष्कळ इस्पितळांना ते बाळगणेच दुर्घट झाले होते. २०१४च्या दुरुस्तीने ती अडचण बरीच दूर केली. ज्या आजाऱ्याला लाळ गिळता येत नाही त्याला दोन आठवडे पॅरासिटामॉलवर ठेवणे ही माझ्या मते शुश्रूषेतील गंभीर कसूर होय.

अन्नाचा प्रश्न अखेर स्वयंपाकघरात सुटतो. मराठी घरातील आजाऱ्याचे जेवण या दुखण्याला पुष्कळसे अनुकूल आहे : मऊ भात, तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचे निवळ वरण, नाचणीचे सत्त्व, रव्याची पातळ खीर, दुधात कुस्करून मऊ केलेली पोळी, शिंगाड्याची लापशी, शहाळ्याचे पाणी. वरणाला फोडणी देण्यापूर्वी आजाऱ्याचा वाटा बाजूला काढावा, आणि तिखट, चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो, आंबट ताक, त्याचप्रमाणे पापड, चिवडा, कडक भाकरी यांना तूर्त रजा द्यावी. अन्न कढत नसावे, कोमट असावे. खरी उणीव पडते ती प्रथिनांची आणि उष्मांकांची. नुसत्या पेजेवर आठ-दहा दिवस काढलेला मनुष्य पुढच्या फेरीपर्यंत खंगतो, आणि खंगलेल्या शरीरात व्रण भरण्यास उशीर लागतो. म्हणून पेजेत तूप, खिरीत दुधाची भुकटी, वरणात डाळ दाट, आणि चालत असेल तर पूर्ण शिजवलेले अंडे मऊ कुस्करून, अशी तजवीज ठेवावी. थोडे थोडे सहा वेळा द्यावे. भूल देणारी जेली किंवा मॉर्फिनची मात्रा जेवणाच्या वेळेशी जुळवून घेतल्यास त्याच पदार्थांचे दुप्पट घास पोटात जातात, ही युक्ती अनुभवी परिचारिका जाणतात.

घरगुती औषधांविषयी मत देताना न्याय्यबुद्धी राखली पाहिजे. मधाविषयी मलेशियातील एका पाहणीपासून पुढे बराच अनुकूल पुरावा जमला, परंतु तो मुख्यतः डोके व मान यांवर किरणोपचार घेणाऱ्यांचा आहे. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्च्या मधाबाबत डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे. हळदीच्या गुणांवर लहान लहान अभ्यास झाले आहेत, त्यांवरून निश्चित शिफारस करता येत नाही. तुरटीच्या गुळण्या व्रणांवर आग करतात. जाईचा पाला चघळण्याचा जुना उपाय निरोगी माणसाला चालून जाईल, पण न शिजवलेल्या पानांवरचे जंतू उघड्या व्रणांतून थेट रक्तात शिरू शकतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांचा प्रतिकार करणाऱ्या पेशी किमान पातळीवर असतात.

हा योगायोग नीट समजून घेण्यासारखा आहे. व्रणांचा दुसरा आठवडा आणि पांढऱ्या पेशींचा तळ बहुधा एकाच वेळी येतो. म्हणून ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, थंडी वाजून आली, तर मध्यरात्र असली तरी इस्पितळात जावे, सकाळची वाट पाहू नये. जिभेवर पांढरा, पुसता येणारा थर आला तर तो बुरशीचा असू शकतो आणि औषधाने हटतो. दिवसभरात पाणीदेखील पोटात जात नसेल, लघवी अगदी कमी झाली असेल, तोंडातून रक्त थांबत नसेल, तर तेही तातडीचे कारण समजावे.

तरीही पुष्कळ रुग्ण सांगत नाहीत. पुढच्या फेरीला डॉक्टरांसमोर बसण्याच्या वेळेपर्यंत तोंड बरे झालेले असते, बाहेर रांग लांब असते, आणि मनात अशी धास्ती असते की, त्रास सांगितला तर औषधाची मात्रा कमी होईल आणि रोग हाती लागणार नाही. बार्शी, मिरज किंवा खानदेशातून रात्रीचा प्रवास करून मुंबईत आलेल्या कुटुंबाला ही धास्ती अधिक वाटते, हे समजण्यासारखे आहे. यावर उपाय म्हणून एक साधी वही ठेवावी : कोणत्या दिवशी चरचर सुरू झाली, कोणत्या दिवसापासून घन अन्न बंद झाले, किती दिवसांनी पुन्हा भात गेला, ताप किती होता, वजन किती उतरले. या पाच नोंदी पाहून डॉक्टर पुढचा निर्णय विचारपूर्वक घेऊ शकतात, आणि तो निर्णय नेहमी मात्रा घटविण्याचाच असतो असे नाही. रोग समूळ बरा करण्याचे उद्दिष्ट असेल तर मात्रा शक्यतो कायम ठेवून वेळापत्रक, बर्फ, चुळा आणि वेदनाशामके यांचा बंदोबस्त अधिक कडक केला जातो; उपचार आयुष्य सुखाचे करण्यासाठीच चालू असेल तर मात्रा कमी करणे किंवा दोन फेऱ्यांत एक आठवडा अधिक सोडणे सर्वथा उचित ठरते, आणि रुग्णाने तसे मोकळेपणाने मागावे.